शेवटची सबब

प्रायश्चित्तकाळात दारू सोडण्याची शपथ घेणारे पुष्कळ असतात. पुनरुत्थान सणाच्या जेवणात ती मोडते आणि घरची मंडळी म्हणतात, "फादर, ह्याच्यात इच्छाशक्तीच नाही." व्यसनमुक्ती हा खरोखर इच्छाशक्तीचाच प्रश्न आहे काय? तसे असेल, तर कृपेला काम ते काय उरले?

इंग्रज गिटारवादक एरिक क्लॅप्टन याच्याजवळ इच्छाशक्तीची वाण नव्हती. १९४५ साली रिप्ली या खेड्यात जन्मलेला, आजी-आजोबांनी वाढवलेला हा मुलगा विशी ओलांडतो न ओलांडतो तोच लंडनच्या भिंतींवर लोक त्याला देव म्हणून लिहू लागले. पुढे हेरॉइन आले. ते सुटले तर दारू. १९७६ साली बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून त्याने नशेत स्थलांतरितांविषयी अनुदार उद्गार काढले. (नशा हे त्याचे कारण असेल, समर्थन नव्हे.) १९८२ साली अमेरिकेत हेझल्डन येथे उपचार घेऊनही तो पुन्हा पिऊ लागला. १९८७ साली पुन्हा तेथेच गेला. मुक्काम संपत आला, तरी आत काहीच पालटलेले नाही हे उमगले तेव्हा खोलीत एकटाच असताना त्याने गुडघे टेकले. तेव्हापासून सकाळ-रात्र गुडघ्यांवर प्रार्थना करण्याचा नेम आपण पाळला, असे तो आत्मचरित्रात सांगतो.

मार्च १९९१ मध्ये त्याचा चार वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कमध्ये ५३व्या मजल्यावरून पडून मरण पावला. हे दुःख देवाने धाडले असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर व्यसनमुक्तांच्या एका सभेत, आपली इच्छा देवाच्या हाती सोपविण्याविषयी तो बोलला. सभा संपल्यावर एक स्त्री त्याला म्हणाली, की माझी पिण्याची शेवटची सबब तुम्ही काढून घेतलीत. मुलांना काही झाले तर पिण्याचा आपल्याला हक्क राहील, असे तिने मनाशी राखून ठेवले होते.

१९९८ साली त्याने अँटिग्वा बेटावर क्रॉसरोड्स हे उपचारकेंद्र उभारले. त्यासाठी पुढच्या वर्षी १०० गिटारींचा लिलाव केला. त्यांतील एकीलाच ४,९७,५०० डॉलर आले. श्रीमंताला दान सोपे, असे कोणी म्हणेल, म्हणो. त्या स्त्रीला मात्र त्याने पैसा दिला नव्हता. आपण दुर्बळ आहोत, एवढेच तो तिच्यासमोर बोलला होता. संत पौलाने करिंथकरांना दुर्बळतेविषयी लिहिले ते आपण मिस्सात ऐकतो, आणि घरी येऊन पुन्हा इच्छाशक्तीच मागतो.

गेल्या वर्षी शपथ मोडलेला एक गृहस्थ माझ्याकडे आला. मी त्याला नवी शपथ दिली नाही. सभागृहामागच्या खोलीत संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींकडे घेऊन गेलो. दाराशी तो थबकला. आतून कोणीतरी खुर्ची पुढे सरकवली.