विसाव्याचा विक्रय

खेळ पाहणें हा तत्त्वविचाराचा विषय आहे असें सहसा कोणी मानीत नाहीं. तो फावल्या वेळाचा उद्योग. धावा मोजाव्या, बळी मोजावे आणि निजावयास जावें, एवढाच त्याचा व्याप, अशी सामान्य समजूत आहे. आमचीही कालपरवांपर्यंत तीच होती. परंतु एका साध्या प्रसंगानें आमचें मन या विषयाकडे वळलें, आणि त्या वेळीं एका वृद्ध बाईंनीं विचारलेल्या प्रश्नाला आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, याची रुखरुख अजून गेलेली नाहीं.

२७ मे २०२५ रोजीं आम्ही अकोल्यास आमच्या धाकट्या बहिणीकडे उतरलों होतों. वऱ्हाडांतला मे महिना. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीचे नऊ वाजून गेले तरी निवाल्या नव्हत्या, आणि घरांतली सारी मंडळी कूलरच्या घरघरींत दूरचित्रवाणीसमोर बसली होती. लखनौ येथें लखनौ व बंगळूर या संघांचा सामना चालला होता. बंगळूरला जिंकण्यास २२८ धावा हव्या होत्या, आणि त्या दिवशीं त्या संघाचें नेतृत्व आमच्या अमरावतीचा जितेश शर्मा करीत होता. एरवीं अमरावतीचें नांव निघतांच नाक मुरडणारे आमचे अकोलेकर भाचे त्या रात्रीं मात्र “मामा, आपल्या वऱ्हाडचा पोरगा!” असें आम्हांसच ऐकवीत होते. आनंदाचा प्रसंग खरा. पण त्या आनंदाला सलगता नव्हती. षटक संपलें कीं खेळ नाहींसा होई, आणि त्याच्या जागीं कधीं वेलदोड्याची डबी घेतलेला एखादा प्रसिद्ध नट, कधीं झगझगीत मोटार, कधीं घरबसल्या पैसे लावून लक्षाधीश होण्याचें निमंत्रण येऊन उभें राही. गडी बाद झाला, पुन्हां तेंच. पंचांचा निर्णय लांबला, पुन्हां तेंच. बहिणीच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनीं बराच वेळ हा प्रकार पाहिला आणि आम्हांस विचारलें, “भाऊ, हे लोकं मंधामंधात खेय कावून लपवतेत जी?”

सगळे हंसले, आम्हीही हंसलों. पण ‘लपवतात’ हा शब्द मनांत रुतून बसला. जाहिरात आपणांस कांहींतरी दाखविते अशी आमची कल्पना होती; ती कांहींतरी लपवितेही, हें त्या बाईंना दिसलें होतें. तें काय लपविते, व तें लपविण्याचा अधिकार तिला कोणी दिला, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. खंड पडणें ही स्वतः कांहीं वाईट गोष्ट नव्हे. कीर्तनांत पूर्वरंग संपला म्हणजे बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, श्रोते नामाचा गजर करतात आणि मग आख्यानास आरंभ होतो. तो खंड कोणास खुपत नाहीं. उलट पूर्वरंगांतील निरूपण मनांत मुरण्यास तोच उपयोगी पडतो. आमच्या या भूमीनें जे गाडगेबाबा पाहिले ते तर कीर्तन मध्येंच थांबवून समोरच्या शेतकऱ्यास प्रश्न विचारीत. परंतु त्या थांबण्यानेंच कीर्तन पुढें जाई. नाटकाला अंक असतात, आणि कुस्तीच्या फडांत एक जोड सुटून दुसरी लागेपर्यंत हलगी वाजत असते. हे सारे विसावे त्या त्या गोष्टीच्या पोटांतून निघालेले असतात. क्रिकेटचें षटक संपतें तेव्हांही असाच विसावा येतो. क्षेत्ररक्षक जागा बदलतात, कर्णधार गोलंदाजाच्या खांद्यावर हात ठेवून कांहीं सांगतो, दोन फलंदाज खेळपट्टीच्या मध्यावर येऊन कुजबुजतात. पाहणाराही त्या अर्ध्या मिनिटांत मागच्या सहा चेंडूंचा अर्थ लावतो व पुढच्या सहांविषयीं तर्क बांधतो. खेळाडूंचें खेळणें जरा थांबतें, आणि पाहणाऱ्याचें खेळणें सुरू होतें.

आकाशवाणीच्या काळीं हें ज्यांनीं अनुभवलें त्यांस अधिक सांगण्याचें कारण नाहीं. १९३४ पासून मुंबईच्या सामन्यांचें इंग्रजींत धांवतें वर्णन करणारे बॉबी तल्यारखान ध्वनिक्षेपकासमोर एकटेच बसत व दुसऱ्या कोणास वाटेकरी होऊं देत नसत. पुढें मराठींत बाळ ज. पंडित यांनीं तोच आनंद घरोघर पोंचविला. दोन चेंडूंमधला आणि दोन षटकांमधला वेळ या मंडळींना भरून काढावा लागे. पण तो ते मैदानांतल्याच गोष्टींनीं भरीत. वारा कोणीकडचा आहे, सीमारेषेवर कोण उभा आहे, प्रेक्षकांत कसली गडबड चालली आहे, हें ऐकतां ऐकतां ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें मैदान उभें राही. डोळ्यांना कांहींच दिसत नसे, तरी कांहींही लपविलेलें नसे.

आतां त्या लखनौच्या रात्रीकडे पुन्हां वळूं. सतराव्या षटकांत दिग्वेश राठी या गोलंदाजानें चेंडू टाकण्याच्या आवेशांत पुढें जाऊन, तो न टाकतांच, आपल्या बाजूला रेषेबाहेर सरकलेल्या जितेशच्या यष्ट्यांवरील बेल्स उडविल्या व अपील केलें. खेळ थांबला. तिसऱ्या पंचांनीं चित्रें पाहून नाबादचा निर्णय दिला. आणि लखनौचा कर्णधार ऋषभ पंत यानें अपील मागें घेऊन जितेश यास आलिंगन दिलें. पुढें जितेशनें ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढून सामना जिंकून दिला, हें सर्वांस ठाऊक आहे. धावफलकावर त्या ८५ धावा राहिल्या. तें आलिंगन धावफलकावर नाहीं. हातचा सामना निसटत असतांना प्रतिपक्षाच्या प्रमुखास जवळ घेणारा कर्णधार हें त्या संध्याकाळचें सर्वांत मोलाचें दृश्य होतें, आणि तें घडलें एकही चेंडू पडत नव्हता अशा वेळीं! जाहिरातदाराच्या हिशेबीं असा वेळ म्हणजे रिकामी जागा, म्हणून विकाऊ जागा. परंतु माणसाचा स्वभाव बहुधा अशा रिकाम्या जागींच प्रगट होतो. चेंडू खेळतांना कौशल्य दिसतें. शील दिसतें तें चेंडू नसतांना. सासूबाईंचा ‘लपवतेत’ हा शब्द किती नेमका होता हें येथें कळतें.

खेळ आणि जाहिरात यांची सोयरीक आजची नव्हे. अमेरिकेंत १ जुलै १९४१ रोजीं दूरचित्रवाणीवर पहिली अधिकृत जाहिरात झळकली, ती एका घड्याळाची होती आणि बेसबॉलच्या सामन्यालाच जोडलेली होती. आपल्याकडे विविध भारतीनें १९६७ सालीं व दूरदर्शननें १९७६ सालीं जाहिरातींना दार उघडलें. इतके दिवस जाहिरात खेळाच्या फटींत बसत होती. २००९ सालीं मात्र खेळालाच नवी फट पाडण्यांत आली. त्या वर्षीं इंडियन प्रीमिअर लीगनें प्रत्येक डावाच्या मध्यावर साडेसात मिनिटांचा एक व्यूहविराम घातला. पुढच्या वर्षीं त्याचे अडीच अडीच मिनिटांचे दोन तुकडे केले, ते आजही चालू आहेत. पाण्याचा विराम तहानेसाठीं असतो. हा विराम कोणाच्या तहानेसाठीं आहे, तें वाचकांनींच ठरवावें.

येथें कोणी म्हणेल, “प्रोफेसरसाहेब, खेळ दाखविण्यास पैसा लागतो. तो जाहिरातदार देतो, म्हणून आपणांस घरबसल्या खेळ दिसतो. ज्याचें मीठ खावें त्याची कुरकुर कशाला?” हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. २०२३ ते २०२७ या पांच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क सुमारे ४८,३९० कोटि रुपयांस विकले गेले. सामने चारशेंच्या आसपास. म्हणजे एका सामन्यास जवळजवळ एकशेंवीस कोटि, आणि पडणाऱ्या प्रत्येक चेंडूस सुमारें पन्नास लाख रुपये! इतकें मोल देणारा मनुष्य दोन चेंडूंमधली जागा रिकामी ठेवील ही अपेक्षा भाबडेपणाची आहे. त्यानें आपले पैसे वसूल करूं नयेत असेंही आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, विकणाऱ्यानें जी वस्तु आपली आहे तीच विकावी.

अमरावतीच्या व अकोल्याच्या कापूसबाजारांत आमची हयात गेली नसली, तरी तेथला व्यवहार आम्ही पाहिलेला आहे. अडत्या मध्यें असतो, तो आपली अडत घेतो. परंतु माल कोणाचा, घेणारा कोण, भाव काय, हें सर्वांसमक्ष ठरतें, आणि मोबदला ज्याचा माल त्याच्या पदरांत पडतो. या नव्या बाजारांत विकला जाणारा माल कोणता? खेळ नव्हे; तो आधींच विकला गेला. जाहिरातदारास विकलें जातें तें खेळ पाहण्यास बसलेल्या माणसाचें अवधान. तो माल आमचा, भाव ठरतो आमच्या पाठीमागें, आणि पैसा तिसऱ्याच्या हातीं जातो. शिवाय बहुतेक घरांत वाहिनीचें मासिक शुल्कही भरलेलें असतें, म्हणजे मोबदला दोनदां वसूल होतो. आम्ही संमति दिली ती खेळ पाहण्यास. त्या संमतीच्या पोटांत आमच्या दहा वर्षांच्या नातीपुढें पैसे लावण्याचें आमिष नाचविण्याची संमति होती काय? महाराष्ट्रांत २०१२ पासून गुटख्यास बंदी आहे. पण पानमसाल्याच्या व्यापाऱ्यांचें नांव वेलदोड्याच्या डबीवर चढून घरांत येतें. पैसे लावावयाच्या खेळांस व त्यांच्या जाहिरातींस २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें कायद्यानें बंदी केली, हें चांगलें झालें. परंतु तोंपर्यंत आमच्या गांवोगांवच्या पोरांनीं तीं निमंत्रणें किती वर्षें, किती रात्रीं पाहिलीं!

कायद्यानें यांत मुळींच लक्ष घातलें नाहीं असें नव्हे. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं क्रिकेटच्याच प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यांत सांगितलें. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत जाहिरातींस तासाला १२ मिनिटांची मर्यादा घातलेली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०१२ सालीं, चालू सामन्यांत जाहिरात केवळ खेळाच्या स्वाभाविक विरामांतच दाखवावी, असें बंधन घातलें होतें. पुढच्याच वर्षीं तें गळलें, आणि तासाच्या मर्यादेविरुद्धही वाहिन्या न्यायालयांत गेल्या. पण आम्हांस वाटतें कीं, प्रश्न मिनिटांच्या बेरजेपुरता नाहीं. बारा मिनिटांची जाहिरात एकदम आली तर ती सोसवते. मनुष्य उठून पाणी पिऊन येतो. तीच अर्ध्या अर्ध्या मिनिटानें प्रत्येक विसाव्यावर बसविली, तर मनाला स्वतःकडे वळण्यास क्षणही उरत नाहीं.

या संबंधांत आमच्या अमरावतीची एक आठवण सांगण्यासारखी आहे. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ मध्यें ऑलिंपिकच्या वेळीं बर्लिनला गेलें व तेथें त्यानें हुतुतूचा खेळ करून दाखविला. या खेळाचा सारा कायदा एका श्वासांत सांठविलेला आहे: दम तुटला कीं गडी बाद. २०१४ पासून हाच खेळ कबड्डी या नांवानें दूरचित्रवाणीवर मोठ्या थाटानें दाखविला जातो, आणि त्यामुळें खेड्यापाड्यांतल्या मुलांस मान व पैसा मिळूं लागला, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. हें श्रेय जाहिरातीच्या पैशालाही दिलें पाहिजे. तरीपण मनांत येतें, ज्या खेळाचा धर्मच दम न सोडणें हा आहे, तो पाहणाऱ्यांचा दम मात्र आपण घडोघडीं तोडीत आहों.

हें सर्व लिहितांना एक गोष्ट दडपून ठेवली तर तो अप्रामाणिकपणा होईल. त्या रात्रीं जाहिरात लागली कीं आम्ही काय करीत होतों? खिशांतला मोबाइल काढून पाहत होतों. आमचे भाचेही तेंच करीत होते. म्हणजे आमचा विसावा चोरला गेला खरा, पण दार आम्हीं सताड उघडें ठेवलें होतें. रिकाम्या क्षणाचें आपणांस भय वाटूं लागलें आहे. वर्गांत आम्ही एखादें वाक्य बोलून क्षणभर थांबतों, तर विद्यार्थी अस्वस्थ होतात; आणि खरें सांगावयाचें तर अलीकडे आम्हीही अस्वस्थ होतों. जें मन स्वस्थ बसूं शकत नाहीं त्याचें अवधान कोणीही विकत घ्यावें, ही स्थिति व्यापाऱ्यानें एकट्यानें आणलेली नाहीं.

मग करावें काय? कायद्याची मर्यादा पाळली जावी, विकतां येणार नाहीं असा कांहीं भाग खेळांत राखून ठेवावा, ही मागणी आम्ही करूंच. पण तोंवर एक उपाय आपल्याच हातीं आहे. त्या रात्रीं शेवटच्या चार षटकांत आमच्या बहिणीनें विराम आला कीं आवाज बंद करण्यास सुरुवात केली. पहिल्या खेपेस सगळे गप्प बसले, जरा अवघडल्यासारखे. दुसऱ्या खेपेस धाकटा भाचा पुढच्या गोलंदाजाविषयीं बोलूं लागला. तिसऱ्या खेपेस सासूबाईंनीं आपल्या माहेरच्या हुतुतूची गोष्ट काढली. ती इतकी रंगली कीं खेळ सुरू होऊन एक चेंडू पडून गेला, तो कोणाच्या लक्षांतही आला नाहीं.

सामना संपल्यावर आम्ही त्यांना म्हटलें, “आई, तुमच्या प्रश्नाचें उत्तर काय देऊं? ते लपवतात, कारण आपण पाहत नाहीं.” त्या म्हणाल्या, “मंग पाहा ना जी.” आमच्या साऱ्या प्रपंचाहून हें उत्तर आखूड आहे, आणि आमच्या मतें अधिक पुरेसेंही आहे.