पुढचा धडा मागायचा

पहिली-दुसरीतले आपले मूल वर्गाच्या बरेच पुढे आहे, असे वाटू लागले की घरच्यांची पंचाईत होते. शाळेत जायच्या आधीच ते दुकानांवरच्या पाट्या वाचू लागलेले असते, मोठ्या भावंडाचे गणिताचे पुस्तक त्याने परस्पर संपवलेले असते, आणि वर्गात मात्र त्याला ‘क कमळाचा’ गिरवायला बसवलेले असते. हे बाईंना सांगायचे कसे? काही पालक संकोचाने गप्प बसतात. आपणच आपल्या मुलाचे गोडवे गायचे म्हणजे ‘आपला तो बाब्या’ची गत. काही नेमके उलट करतात. कुठून तरी आयक्यू काढून आणतात, तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवतात आणि मूल ‘गिफ्टेड’ असल्याचे शाळेने मान्य करावे म्हणून हटून बसतात. दोन्ही वाटांनी मुलाच्या पदरात फारसे पडत नाही. पहिल्या वाटेने विषयच निघत नाही. दुसऱ्या वाटेने चर्चा होते ती हुशारीची, अभ्यासाचे बोलणे राहूनच जाते. माझे म्हणणे असे की पालकांनी शाळेत जरूर जावे, पण पुढचा धडा मागायला जावे. मूल प्रज्ञावंत आहे हे त्यासाठी सिद्ध करावे लागत नाही. ते तसे असू शकेल, एवढे पुरते.

हुशार मुलांची दखल घेणारी व्यवस्था महाराष्ट्रात नाही असे नाही, पण ती जागी होते मूल दहाच्या आसपास पोचल्यावर. शिष्यवृत्ती परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून काही वर्षे ती पाचवी-आठवीला गेली होती. नवोदयची निवड परीक्षा सहावीच्या प्रवेशासाठी असते, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीला. आप्पा पेंडशांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, १९६९ मध्ये खास बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला काढली. तिचे वर्गही पाचवीपासूनचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, विशेष कल असलेल्या मुलांना शिक्षकांनी वर्गातच पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावे, असे म्हटले आहे आणि बी.एड.मध्ये अशा मुलांच्या शिक्षणाचा विशेष अभ्यासक्रम असावा, असेही सुचवले आहे. शिक्षणहक्क कायद्याचे २९ वे कलम मुलाच्या क्षमता आणि प्रतिभा यांच्या विकासाची भाषा करते. धोरणातले वाक्य फळ्यापर्यंत यायला किती वर्षे लागतात, ते शिक्षकांनाच विचारावे. तोवर सहा ते दहा या वयातल्या मुलासाठी दोनच माणसे काही करू शकतात: त्याची वर्गशिक्षिका आणि तिच्याशी बोलणारा पालक.

मग आधी खात्री का करून घेऊ नये? कारण या वयात ती मिळत नाही. बुद्धिमापनाची पहिली वापरण्याजोगी चाचणी आल्फ्रेड बिने याने १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. बुद्धी ही कायमची ठरलेली रक्कम आहे, हे त्याला मान्य नव्हते. तीच चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली. बिने-कामत या नावाने ती आजही वापरली जाते. अशा चाचण्या निरुपयोगी नाहीत, पण पाचव्या-सहाव्या वर्षी काढलेला आकडा पुढे बराच हलतो. तज्ज्ञांचीही फसगत होते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. लुईस टर्मन याने १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातली दीड हजाराहून अधिक अतिहुशार मुले निवडून त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास आरंभला. निवडीत तपासून बाजूला ठेवलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले होती. शॉकलीला १९५६ मध्ये आणि अल्वारेझला १९६८ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. निवडलेल्यांपैकी एकालाही नोबेल मिळाले नाही. शिक्षकांच्या नजरेचीही मर्यादा आहे. पहिलीच्या एकाच बाकावर नुकते सहा पूर्ण झालेले आणि सात पूर्ण होण्याच्या उंबरठ्यावरचे अशी दोन मुले बसतात. अकरा महिन्यांचा हा फरक त्या वयात मोठा असतो, आणि वर्गातली वयाने मोठी मुले ‘हुशार’ म्हणून जास्त निवडली जातात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

खात्री मिळत नसली तरी गरज दिसते, आणि ती वहीत दिसते. एक ते शंभर अंक लिहायला सांगितले की काही मुले आधी एककाचे सगळे अंक रकान्यात खाली खाली भरून घेतात आणि मग दशकाचे चिकटवतात. बाईंना ती चालूगिरी वाटते. तीही असेल, पण अंकांची घडण त्या मुलाला कळली आहे आणि शंभर अंक लिहिण्यात त्याला आता शिकण्यासारखे काही उरलेले नाही, हेही त्यातून कळते. पाचातून सात जात नाहीत, असे फळ्यापाशी सांगितले जात असताना एखादी मुलगी म्हणते, ‘जातात की, दोन कमी पडतात.’ ऋण संख्या तिला पुस्तकात भेटणार असतात सहावीला. ती अलौकिक बुद्धीची आहे असे या वाक्याने ठरत नाही. हातचा घेऊन करायच्या वजाबाकीची वीस उदाहरणे आज तिला देण्यात अर्थ नाही, एवढे मात्र नक्की ठरते. उलट पाहुण्यांसमोर म्हणून दाखवलेले तीसपर्यंतचे पाढे आणि देशांच्या राजधान्या हा फार कच्चा पुरावा. पाठांतरामागे घरच्यांची मेहनत किती आणि मुलाची समज किती, हे वेगळे काढता येत नाही. शाळेत नेण्याजोगी वस्तू म्हणजे मुलाने कुणी न सांगता केलेल्या कामाची दोन-तीन पाने, त्यांवर तारीख घातलेली.

ही पाने पालकसभेच्या दिवशी काढू नयेत. त्या दिवशी बाईंसमोर रांग असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे येतात. वेगळी वेळ मागून घ्यावी आणि आधी विचारावे, की वर्गात तो काय करतो, काम संपल्यावर काय करतो. एकाच वयाची तीस-चाळीस मुले रोज एकत्र पाहणारी व्यक्ती तीच आहे. ही तुलना घरी कुणालाच करता येत नाही. तिच्या उत्तराने पालकांचा अंदाज बदलूही शकतो, आणि बदलला तर बरेच. त्यानंतरची मागणी बाईंना उद्यापासून करता येईल एवढी लहान असावी. पानावरची शेवटची, सर्वांत अवघड पाच गणिते त्याने आधी करावीत. ती बरोबर आली तर बाकीची माफ. वाचन येत असेल तर अक्षरे गिरवण्याच्या तासाला ग्रंथालयातले गोष्टीचे पुस्तक. शाळेला जमत असेल तर आठवड्यातून दोनदा गणिताच्या तासापुरते तिसरीच्या वर्गात बसणे. आणि दीड महिन्याने पुन्हा भेट. काहीच मागितले नाही तर शाळा आपल्या पद्धतीने सोय लावते: लवकर आटपणाऱ्याला तशीच आणखी वीस गणिते मिळतात, नाहीतर मॉनिटरकी. मुलींच्या वाट्याला हे दुसरे जास्त येते. ‘गुणी आहे हो, सगळ्यांच्या वह्या तपासते’ हे कौतुक ऐकून आईवडीलही सुखावतात, आणि मुलगी वर्षभर दुसऱ्यांच्या चुका शोधत बसते. तिला स्वतःला चुकायला लावील असे काही समोर येतच नाही.

यावर शिक्षकांचा पहिला आक्षेप पटसंख्येचा असतो आणि तो खोटा नाही. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, पण शहरातल्या पुष्कळ वर्गांत बाकावर तिघे तिघे दाटीने बसतात. त्यात नोंदी, अहवाल, निवडणुकीची कामे. अशा बाईंकडे एका मुलासाठी वेगळा अभ्यासक्रम मागणे हा अन्यायच. पण अवघड पाच आधी, या पद्धतीत बाईंना तपासायचे काम वाढत नाही, घटते. शिवाय वेगवेगळ्या पातळीची मुले एका खोलीत सांभाळणे हे आपल्या शिक्षकांना नवे नाही. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत हा रोजचा प्रकार आहे. त्या खोलीत पहिलीतले चुणचुणीत मूल दुसरीच्या फळ्याकडे कान लावून बसते आणि पुढचा धडा त्याला आपोआप मिळतो. दुरून ज्याला आपण त्या शाळांचे न्यून म्हणतो, त्यातली ही एक जमेची बाजू. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गटांत बसवून शिकवण्याची पद्धत रुळवली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या राज्यांत तिची काटेकोर पाहणी केली. हरियाणात सरकारी शिक्षकांनीच रोज एक तास असे गट करून शिकवले तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. ही पद्धत मागे पडलेल्यांसाठी आखलेली आहे. पण मूल जिथे आहे तिथून पुढे शिकवावे, हे तत्त्व मागच्या बाकावर लागू पडते आणि पुढच्या बाकावर पडत नाही, असे म्हणायला आधार काय?

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. बोलता येणाऱ्या, शिकलेल्या, शाळेत दबदबा असणाऱ्या पालकांच्याच मुलांना या साऱ्याचा लाभ मिळेल. ज्यांचे आईबाप दिवसपाळी-रात्रपाळी करतात, त्यांच्यासाठी कोण जाणार? पुरावा या आक्षेपाच्या बाजूचा आहे. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शाळा-जिल्ह्यात आधी शिक्षक आणि पालक सुचवतील त्याच मुलांची चाचणी होई. २००५ पासून दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाळणी सुरू झाली, तेव्हा प्रज्ञावंतांच्या वर्गांत गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचे प्रमाण ठळकपणे वाढले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी हे २०१६ मध्ये मांडले. पुढे पैशांच्या तंगीत ती चाळणी आखडली आणि जुनी दरी परत आली. म्हणजे ही मुले आधीही वर्गात होतीच, फक्त त्यांच्या वतीने कुणी बोललेले नव्हते. यावरून बोलणाऱ्या पालकांनी गप्प बसावे, असे निघत नाही. त्यांच्या गप्प बसण्याने त्या मुलांना काही मिळत नाही. मागणी मात्र अशी असावी की ती मान्य झाली तर दार सगळ्यांना उघडेल. ‘माझ्या मुलाला अवघड गणिते द्या’ म्हणण्यापेक्षा ‘ज्याला हवी त्याला अवघड पाच आधी करू द्या’ असे म्हणावे. सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत पाऊणशे टक्के सदस्य पालक असावेत, असे कायदा सांगतो. एरवी त्या बैठका रंगरंगोटी, पाण्याची टाकी आणि शालेय पोषण आहारात संपतात. पहिलीच्या वर्गात पुस्तकांची उघडी मांडणी असावी, हा विषयही तिथेच निघायला हवा.

राहिला आजीचा आक्षेप: लेकराचे बालपण का हिरावता? खेळाचा तास काढून शिकवणी लावली तर तो शंभर टक्के खरा. इथे मागणी शाळेच्याच वेळेतली आहे, जो वेळ नाहीतरी खिडकीबाहेर बघण्यात जातो. लीटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा मुलांबरोबर न्यूयॉर्कच्या शाळांत वर्षानुवर्षे काम केले. १४० बुद्ध्यंकाच्या मुलाचा साधारण शाळेत निम्मा वेळ वाया जातो, असा त्यांचा अंदाज होता. पुढच्या इयत्तेत बसवलेल्या मुलांवर झालेल्या अनेक दशकांच्या संशोधनात, अभ्यासात फायदा आणि मैत्री-स्वभावात सरासरीने नुकसान नाही, असेच दिसते. तरीही पहिली-दुसरीत अख्खे वर्ष गाळण्याच्या, जुन्या भाषेत डबल प्रमोशनच्या, मी बाजूचा नाही. एका विषयाचा तास बदलता येतो आणि बदललेला पूर्ववत करता येतो. गाळलेले वर्ष परत आणता येत नाही.

आणि पालकांचा अंदाज चुकीचा निघाला तर? पुष्कळदा निघेल. लवकर वाचू लागलेल्या मुलाला बाकीचे तिसरीपर्यंत गाठतात, असे वर्गावर्गांत होते. तसे झाले की वरच्या वर्गाच्या तासाला बसणे थांबवायचे, आणि मूल आपल्या वर्गात आपल्या मित्रांशेजारी बसेल. त्याला कुणी प्रज्ञावंत म्हटलेले नसेल, त्यामुळे परत घ्यायला काही नसेल. अवघड पाच गणिते तोवर शेजारचेही करू लागलेले असतील.