शेंडा खुडल्यावाचून बहर नाही

(मननासाठी शास्त्रभाग : योहान १५:१-८, निर्गम १८:१३-२७)



उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी यांच्या मधल्या आपल्या यावलच्या काळ्या भुईत ज्याने दसरा-दिवाळीच्या बाजारासाठी झेंडू लाविला आहे, त्यास पुढील गोष्ट शिकवावी लागत नाही. रोपे लावून सुमारे महिना झाला, ती चांगली मुळावली, म्हणजे तो वाफ्यात शिरतो आणि एकेका रोपाचा हिरवागार शेंडा चिमटीने खुडून टाकितो. बांधावर उभ्या असलेल्या लेकरास वाटते की हा आपलेच पीक मोडीत आहे. परंतु थोड्याच दिवसांत पानांच्या बगलांतून फुटवे निघू लागतात, आणि जेथे एकच दांडा उंच गेला असता तेथे झुडूप पसरून फुलांनी भरते. पहिले फूल थोडे उशिरा येते हे खरे. पण टोपली भरते.

शेवंतीची रीतही अशीच आहे. मोगऱ्याचे तर हिवाळ्यात पाणी तोडितात, पाने झडू देतात, झाड गुडघाभर राखून छाटितात, मग माती मोकळी करून खत व पाणी देतात. हे निष्ठुरपण नव्हे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर धरते, आणि जुनी फांदी राखावी तर नवी फूट कोठून यावी? ज्याने माघार घेऊन फांद्या राखिल्या, त्याच्या अंगणात उन्हाळ्यात पानेच फार आणि सुगंध थोडा.

आता प्रभूने सांगितलेला द्राक्षवेलाचा दृष्टान्त आठवा. त्यात माळ्याचे शस्त्र दोन ठिकाणी चालते. फळ न देणारी फांदी तो काढून टाकितो, हे आपण सर्व लक्षात ठेवितो आणि दुसऱ्यांस ऐकवितो. परंतु फळ देणाऱ्या फांदीवरही त्याचा हात चालतो, यासाठी की तिने अधिक फळ द्यावे. हे मात्र आपण विसरतो. वाळलेल्यास तोडणे कोणासही समजते. जे हिरवे आहे, जे सर्वांत पुढे आहे, त्यास आखूड करणे, हेच कठीण शिक्षण होय.

शेंडा खुडल्याने बाजूचे डोळे का जागे होतात, याचा शोध विद्वानांनी लाविला आहे. १९३३ साली थिमन आणि स्कूग या दोघां शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविले की शेंड्याकडून ऑक्झिन नावाचे एक द्रव्य खाली उतरते आणि ते बाजूच्या डोळ्यांस वाढू देत नाही. शेंडा कापून त्याच्या जागी ते द्रव्य लाविले, तरी डोळे निजलेलेच राहिले. पुढे २०१४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वाटाण्याच्या रोपावर दाखविले की वाढता शेंडा पानांनी तयार केलेली साखर आपणाकडे ओढून घेतो. शेंडा गेला की ती साखर बाजूच्या डोळ्यांस पोहोचते आणि ते तत्काळ फुगू लागतात. म्हणजे डोळे मेलेले नव्हते. त्यांस मोकळीक नव्हती आणि अन्न नव्हते.

बंधूंनो, उपदेशकांनो, आणि आम्ही पाळकांनोही, ही गोष्ट आपल्या मंडळीस लावून पाहू या. कित्येक गावी असे आहे की वचन वाचणारा एकच, प्रार्थना करणारा एकच, गीत आरंभणारा एकच, आजाऱ्याच्या घरी जाणारा एकच आणि वर्गणीची वही राखणारा एकच. तो मनुष्य वाईट नसतो. बहुधा तोच सर्वांत श्रमी असतो. परंतु बाकीचे जन दहा वर्षे ऐकूनही तोंड उघडीत नाहीत, आणि आपण म्हणतो, "ह्यांस येत नाही." पुढे त्या मनुष्याची बदली होते, किंवा म्हातारपण त्यास खाटेस खिळविते, आणि त्या रविवारी मंडळी मुकी बसते. ते येणारच होते. डोळे होते, पण शेंडा कधी खुडला गेला नाही.

कोणी म्हणेल, "आमच्या केळीच्या बागेत उलटे करितात. तेथे बाजूची पिले कापितात, म्हणून मुख्य खोडास बळ मिळून घड मोठा पडतो. मंडळीतही एकच खोड बळकट असावे." हा प्रश्न बागायतदारास शोभणारा आहे, आणि उत्तरही त्याच बागेत आहे. केळीचे खोड एकदाच घड देते. घड उतरविला की त्याचे काम संपले. म्हणून शहाणा बागायतदार पिले कापतो खरा, पण योग्य वेळी एक चांगले पील राखितो. त्यावरच त्याची पिलबाग उभी राहते. ज्याने घडाच्या लोभाने शेवटचे पीलही कापिले, त्याची बाग पहिल्या घडाबरोबरच सरली. मंडळी तर एका घडासाठी लाविलेली नाही.

मोशेची गोष्ट पाहा. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करीत बसे आणि लोक त्याच्याभोवती उभे राहत. त्याचा सासरा इथ्रो याने ते पाहिले आणि त्यास सांगितले की हे ठीक नाही. तूही झिजशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम. मोशेने ऐकिले. अवघड खटले त्याच्याकडे आले, बाकीचे इतरांकडे गेले. शेंडा खुडल्याने मोशे लहान झाला नाही. इस्राएलात मात्र पुष्कळ न्याय करणारे उभे राहिले.

बर्णबाचेही तसेच. त्याने स्वतः तार्सास जाऊन शौलास शोधून अंत्युखियास आणिले. प्रेषितांच्या कृत्यांत आरंभी बर्णबाचे नाव आधी येते. पुढे बहुधा पौलाचे आधी येते. बर्णबाने याविषयी कुरकुर केल्याचे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही.

येथे दोन इशारे दिले पाहिजेत. पहिला : रोप मुळावण्यापूर्वी शेंडा खुडू नये. नवा विश्वासी किंवा नवा उपदेशक याचे पाय अजून स्थिर झाले नाहीत, तोच त्यास आखूड करणे ही बागाईत नव्हे. दुसरा : शेळीही शेंडा खाते, पण तिला कोणी माळी म्हणत नाही. हेव्याने किंवा भावकीच्या तंट्याने चांगल्या सेवकास खाली ओढावे आणि त्यास छाटणी म्हणावे, हे शेळीचे काम होय. तिच्यासाठी कुंपण घालावे. झेंडूस स्वतःचा शेंडा खुडता येत नाही. मनुष्यास येतो, आणि मंडळीत तो आपल्याच हाताने खुडणे बरे. तसेच कोणाच्या घरी मरण आले असता, "देवाने तुझी छाटणी केली," असे बोलून जखमेवर मीठ चोळू नका. तेथे जाऊन रडणाऱ्यांबरोबर रडा. छाटणीचा हा बोध आपणांस आहे, शोक करणाऱ्यास नव्हे.

आणखी एक गोष्ट माळी जाणतो. फूल झाडावरच सुकू दिले तर झाड बी धरू लागते, सारे बळ त्यात जाते आणि नव्या कळ्या कमी होतात. म्हणून फुले वेळेवर तोडावी. आपण काल केलेली सेवाही अशीच तोडून प्रभूच्या चरणी वाहून मोकळे व्हावे. ती मिरवीत बसलो तर उद्याची कळी येणार नाही.

तर येत्या रविवारी इतके करा. वचन वाचण्यास अशा कोणास तरी द्या, ज्याने कधी वाचिले नाही. तो अडखळेल. त्याच्या ओठांतून शब्द काढून घेऊ नका, थांबा. ज्या बहिणीस अक्षर येत नाही, तिला प्रार्थना करू द्या. वही एखाद्या तरुणाच्या हाती द्या आणि महिनाअखेर त्याच्या शेजारी बसून हिशेब पाहा. काही दिवस उपासना पूर्वीसारखी ठाकठीक वाटणार नाही. झेंडूचा वाफाही खुडणीच्या दिवशी उजाडच दिसतो.

जो खरा माळी आहे, तो आम्हांस आखूड होण्याची इच्छा आणि वाट पाहण्याचा धीर देवो. आमेन.