अंगणातील धबधबा आणि शेजाऱ्याची घागर



वाहत्या पाण्याचा आवाज ऐकल्यावर ज्याचे पाऊल क्षणभर थबकत नाही, असा माणूस विरळाच. घरामागे चार हात मोकळी जागा असली की, येथे एक लहानसे तळे असावे आणि त्यात दगडांवरून पाणी पडत राहावे, असे कधी ना कधी आपल्याही मनात आले असेल. ही इच्छा निरागस आहे. परंतु निरागस इच्छांनाही कधी कधी जाब द्यावा लागतो. बंगळुरूच्या माझ्या घरामागे मी असा धबधबा बांधला. त्यापायी मला जो जाब द्यावा लागला, तो आपणांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम बांधणीविषयी सांगतो, कारण प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल असा खड्डा मी खणविला. त्यात सुमारे तीन हजार लिटर पाणी मावते. निघालेली माती फेकून न देता तिचाच एका टोकाला तीन फुटी उंचवटा केला. धबधब्याला उंची लागते, आणि ती तळ्याच्या पोटातूनच मिळते. खड्ड्यात व उंचवट्यावर शेततळ्यासाठी वापरतात तसला जाड प्लास्टिकचा कागद अंथरला, त्यावर ग्रॅनाइटचे दगड पायरीपायरीने रचले आणि सर्वांत वरचा सपाट दगड थोडा पुढे काढला, म्हणजे पाणी दगडाला चिकटून न उतरता मोकळे पडते. तळाशी पाण्यात बुडून चालणारा लहान पंप ठेवला. एक फूट रुंदीचा अखंड पडदा पडायचा असेल, तर ताशी सुमारे साडेचार हजार लिटर पाणी वर चढवावे लागते, म्हणजे सारे तळे तासाला दीड वेळा वर जाऊन खाली येते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडावयाचे होते. पण नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरला तर मासे मरतात, म्हणून तळे दोनदा भरून रिकामे केले आणि मगच मासे सोडले. ते पाणी झाडांना घातले, एवढेच समाधान.

पहिल्याच आठवड्यात पाणी दररोज दोन बोटे कमी होऊ लागले. दोन बोटे म्हणजे या तळ्यात सुमारे दोनशे लिटर. एका अनुभवी गवंड्याने साधी परीक्षा सांगितली: पंप बंद करून रात्रभर थांबा. पातळी टिकली तर तळे निर्दोष, दोष धबधब्यात. पातळी टिकली. शोध घेता दुसऱ्या पायरीमागे कागदाची कड दुमडलेली आढळली. पाणी दगडामागून गुपचूप मातीत जात होते, आणि समोरून पाहणाऱ्याला धबधबा अगदी निर्दोष दिसत होता. ती कड उचलून दगडांच्या फटी भरल्या आणि गळती थांबली. आपला हिशेब आता चोख झाला, असे मला वाटले.

मग २०२४ चा मार्च महिना आला. बंगळुरूत हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या होत्या. पिण्याचे पाणी गाड्या धुण्यास, बागांना व कारंज्यांना वापरू नये, असा आदेश शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने काढला आणि तो मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरविला. माझ्या तळ्यात कावेरीचे पाणी नव्हते. ते घरच्या कूपनलिकेचे होते. त्यामुळे आदेश वाचून मी निश्चिंत मनाने वर्तमानपत्राची घडी केली.

त्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई दीड तास उशिरा आल्या. त्यांच्या वस्तीत टँकर आला होता आणि रांग मोठी होती. मागच्या दारी येऊन त्या तळ्याजवळ उभ्या राहिल्या. काही वेळाने त्यांनी विचारले, "हे पाणी धुण्याला चालेल का?" त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. मी मात्र लगेच खुलासा करू लागलो: हे पाणी वाया जात नाही, तेच तेच पाणी फिरत असते, वगैरे. त्यांनी ऐकून घेतले, मान हलविली आणि त्या भांडी घासावयास गेल्या. माझे म्हणणे खरे होते. परंतु त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते.

वाचकहो, तो खुलासा तरी कितपत खरा होता, हे मी रात्री कागदावर मांडून पाहिले. कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची दररोज सहा मिलिमीटर वाफ होते असे धरले, तर सहा चौरस मीटरच्या तळ्यातून रोज छत्तीस लिटर पाणी जाते. उडणाऱ्या तुषारांचे पाणी वेगळेच. मार्च, एप्रिल व मे या तीन महिन्यांत संपूर्ण तळे हवेत विरून जाते आणि आपण ते पुन्हा भरतो. ग्रामीण भागात माणशी दररोज पंचावन्न लिटर पाणी मिळावे, हे आपल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट आहे. छत्तीस लिटर ही त्यापुढे किरकोळ गोष्ट नव्हे. कागदाची कड उचलून मी एक गळती बुजविली होती. दुसरी गळती डोळ्यांदेखत चालू होती आणि तिला मी सौंदर्य म्हणत होतो.

येथे आपल्यापैकी अनेकांना बेथानीचे ते भोजन आठवेल. एका स्त्रीने मोलाचे सुगंधी तेल प्रभूवर ओतले. हे तेल तीनशे दिनारांना विकून गरिबांना देता आले असते, असा आक्षेप निघाला. पण प्रभूने त्या स्त्रीचीच बाजू घेतली. निरुपयोगी सौंदर्यालाही या जगात जागा आहे, हे या प्रसंगातून आपण शिकलो आणि ते योग्यच आहे. प्रत्येक फुलाचा, प्रत्येक सुराचा भाकरीच्या भावाने हिशेब करणारा माणूस अखेरीस गरिबाचाही मित्र राहत नाही. मीही त्या रात्री या प्रसंगाचा आधार शोधला. परंतु तो मला मिळाला नाही. त्या स्त्रीने जे ओतले ते तिचे स्वतःचे होते, आणि ते तिने दुसऱ्यासाठी ओतले. मी जे ओतत होतो ते माझे होते काय? आणि ते कोणासाठी ओतत होतो?

कायद्याचे उत्तर मला अनुकूल होते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखाली झिरपणारे पाणी काढून घेण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. परंतु भूगर्भातील पाणी कुंपणाच्या रेषा ओळखत नाही. माझी कूपनलिका ज्या थरातून पाणी ओढते, त्याच थरातून पलीकडच्या वस्तीची कूपनलिकाही ओढत होती. ती आधी आटली, कारण ती कमी खोल होती. आणि नळाचे म्हणाल, तर कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, तीन टप्प्यांत जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवून या शहरात आणले जाते. आपल्या स्वयंपाकघरातील प्रत्येक पेला हा एका उलट्या धबधब्याचे पाणी आहे, आणि तो सर्वांच्या पैशाने चालतो.

अंगणातील पाण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून भूमिगत मार्गाने पुण्यात पाणी आणण्यात आले. तेच पाणी शनिवारवाड्यात गेले आणि तेच शहरातील हौदांतही पोहोचले. वाड्यातील कारंजे आणि पेठेतील हौद यांना एकच पाणी मिळत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मात्र त्या हौदांवर सर्वांना जाता येत नव्हते. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. जोतीरावांनी कोणाच्या घागरीत वरून पाणी ओतले नाही. तशी दया दाखविणारे, दुरून ओंजळीत पाणी घालणारे, पुष्कळ होते. त्यांनी हौद मोकळा केला. पहिल्या रीतीत देणारा उंचावर राहतो. दुसरीत घेणारा काठावर बरोबरीने उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी मी पंप बंद केला आणि बाईंना दोन बादल्या पाणी देऊ केले. त्यांनी ते नेले. पण मला बरे वाटले नाही, कारण मी वरून ओतीत होतो, हे मला कळत होते. म्हणून एप्रिलमध्ये कुंपणाच्या बाहेरच्या बाजूस एक नळ बसविला. सकाळी दोन तास तो सर्वांसाठी उघडा असे; मागावे लागत नसे आणि आभारही मानावे लागत नसत. हे सोपे होते असे मी म्हणणार नाही. मे महिन्यात कूपनलिकेची धार बारीक झाली आणि आमच्याच घरात पाणी मोजून वापरावे लागले. नळ बंद करावा, असे घरात दोनदा ठरले आणि दोनदा मोडले. आमच्या कुटुंबाला दिवसाला किती पाणी लागते, हे इतक्या वर्षांत मला त्याच महिन्यात प्रथम समजले.

आता धबधबा पूर्णपणे छपराच्या पाण्यावर चालतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. चाळीस चौरस मीटरवर सातशे मिलिमीटर पाऊस झाला, तर अठ्ठावीस हजार लिटर. त्यातले निम्मे जरी टाकीत आले, तरी तळे भरून भरपूर उरते; ते कूपनलिकेशेजारच्या खड्ड्यात जिरवितो. टाकीवर एक रेघ मारली आहे. पाणी त्या रेघेखाली गेले की पंप बंद. बहुधा फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दगड कोरडे असतात, आणि तळ्याच्या खोल भागात मासे तेवढे राखलेले असतात.

तेव्हा वाचकहो, आपण अंगणात धबधबा बांधू नये, असे मी सुचवीत नाही. अवश्य बांधा, माती, दगड आणि पाणी हाताळताना माणूस नम्र होतो. फक्त पाया खणण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतःला विचारा. हे पाणी कोठून येणार आहे, आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला त्याचा आवाज कसा ऐकू येणार आहे? आपल्याला जो विसाव्याचा नाद वाटतो, तो रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या कानाला तसाच वाटेल, असे गृहीत धरू नका.

गेल्या पावसाळ्यात बाईंची नात त्यांच्याबरोबर आली होती. पडत्या पाण्याखाली हात धरून ती कितीतरी वेळ हसत होती. या वेळी मला कसलाही खुलासा करावा लागला नाही.