भोग कोणाचा, भार कोणाचा?

हल्ली एक प्रश्न वारंवार कानी येतो, आणि तो विचारणारी माणसे बहुधा नेमधर्म पाळणारी असतात. म्हणतात, "बुवा, ज्याने जन्मभर जिभेचे चोचले पुरवले त्याला मधुमेह झाला, तर त्याच्या औषधाचा भार सरकारी दवाखान्याने, म्हणजे तुम्ही-आम्ही, का वाहावा? ज्याचे कर्म त्याने भोगावे."

प्रश्न टाकाऊ नाही. भार खरोखरच मोठा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीचा 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की देशात 10 कोटींहून अधिक लोकांना हा रोग आहे. एकदा जडला की औषध जन्माचे. हयगय झाली तर डोळे, पाय, मूत्रपिंडे यांवर घाला. मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिस, आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास. खेड्यातला रोगी त्यासाठी तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला जाणार, सोबत घरचे कोणी हवेच. म्हणजे दोघांची मजुरी बुडाली.

हा झाला पूर्वपक्ष. आता उत्तर पाहू. सुश्रुताचार्यांनी प्रमेह दोन प्रकारचा सांगितला आहे. एक सहज, मातापित्यांच्या बीजदोषाने जन्माबरोबर आलेला. दुसरा अपथ्याने जडलेला. पहिल्याचा रोगी कृश आणि थोडे खाणारा, दुसऱ्याचा स्थूल, पुष्कळ खाऊन लोळणारा. गंमत अशी, की आपण दुसरा तेवढा पाठ केला. पहिल्याचा सोयीस्कर विसर पडला!

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता व त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला. तेथील बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची भरली. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू तोकडे, पण चरबी त्या मानाने फारशी घटलेली नाही. दिसायला काटकुळे, आत मेद! अशा देहाला पुढे साखर पेलणे जड जाते, असे हे शास्त्र सांगते. म्हणजे पन्नाशीत दिसणाऱ्या रोगाचे एक मूळ आईच्या पोटात रुजलेले. मग सांगा, गर्भाने कोणते अपथ्य केले होते?

कोणी म्हणेल, पूर्वजन्मीचे संचित. अहो, पूर्वजन्मापर्यंत कशाला जायचे? आपल्या माजघरापर्यंत गेले तरी पुरे. पुरुष जेवून उठतात, मुले उठतात, मग सासूबाई; दिवस गेलेली सून सर्वांत शेवटी पान वाढून घेते. डाळीचे नुसते पाणी उरलेले, भाजी संपलेली. वर शेतातले काम आणि पाण्याच्या घागरी आहेतच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या दर शंभर स्त्रियांत 57 जणींच्या अंगी रक्त कमी आढळले. हे काय 57 जणींचे वेगवेगळे कर्म? वाढणाऱ्या हातांचा, घराचा, गावाचा त्यात वाटा आहे. तर औषधाचा वाटा उचलताना कुरकुर कशाची?

"मग बुवा, पथ्य नकोच म्हणता?" असे कुठे म्हटले? पथ्य हवेच. एकादशीला साबुदाण्याची ताटभर खिचडी चेपून उपवास घडला म्हणणाऱ्यांना तर मी कीर्तनातही सोडत नाही. परंतु डॉक्टर सांगतात डाळी-कडधान्ये, भाज्या खा. आणि रेशनच्या पिशवीत येतात मुख्यतः गहू आणि तांदूळ. मजुराच्या घरी घट्ट वरण किती दिवसांनी शिजते, हे तुम्हा मंडळींना मी वेगळे सांगायला नको.