*लेकराच्या भीतीला हसू नका*

 

आपल्या सांबऱ्याला १९४२ पासून विमानांची सवय आहे. पण रविवारच्या बालवर्गातला एक सहा वर्षांचा मुलगा विमानाचा आवाज आला की कान झाकून आमच्या पदरात शिरायचा. आम्ही सेविका हसलो. ‘वाघासारखा तू, आणि विमानाला भितोस?’ म्हणालो. त्याचं भिणं थांबलं नाही, वर्गाला येणं मात्र थांबलं. तेव्हा आम्हाला प्रश्न पडला : लेकराची भीती घालवायचा अधिकार आपल्याला कशाने मिळतो?

१९२४ साली आपल्या बेळगावात काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले गांधीजी लहानपणी भुतांना, चोरांना, सापांना भ्यायचे. घरातल्या रंभा नावाच्या दाईने त्यांना रामनाम घ्यायला सांगितलं. आत्मकथेत ते लिहितात, की उपायापेक्षा रंभेवरच आपला विश्वास जास्त होता. भीती लगेच गेली नाही. लग्न झाल्यावरही दिव्याशिवाय झोप येत नसे. पण रंभेने पेरलेलं नाम जन्मभर सोबत राहिलं.

म्हणजे नामसुद्धा लेकरापर्यंत पोचतं ते विश्वासाच्या माणसाकडून. आणि आपण काय करतो? ‘जेव, नाहीतर बुवा येईल’ म्हणून भीती घालतो, मग तेच पोर भ्यालं की त्याला भित्रा म्हणतो. हा अन्याय नव्हे का? उलट, भीती वाटेल ते सगळंच टाळू दिलं तर भीती आणखी मूळ धरते. मधली वाट पायरीपायरीची.

आम्ही त्याच्या घरी गेलो, त्याची माफी मागितली. आधी विमानाची चित्रं रंगवली. मग दारात हात धरून लांबचा आवाज ऐकला, सावकाश श्वास सोडत नाम घेतलं. पुढची पायरी कधी, ते त्यानेच ठरवायचं. तो नको म्हणाला की थांबायचं. आज तो कान झाकतो, पण पळत नाही. आम्हाला एवढं पुष्कळ.

भीतीपायी झोप, जेवण, शाळा सुटत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. डॉक्टरांकडे गेलो म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं मुळीच नाही.

या आठवड्याची सेवा एवढीच : घरातल्या एका लेकराला जवळ घेऊन विचारा, ‘तुला कशाची भीती वाटते रे?’ आणि उत्तर ऐकताना हसू नका.