निसर्ग डावे-उजवे करतो का?

भेदभाव करण्याला आपण ‘डावे-उजवे करणे’ म्हणतो. एखाद्याला मागे सारणे म्हणजे ‘डावलणे’ आणि सरस ठरणे म्हणजे ‘उजवे ठरणे’. भाषेने निवाडा आधीच देऊन ठेवला आहे. निसर्गाला तो मान्य आहे काय?

लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्याचे चुंबकत्व लोपते. आतील अणुचुंबक मग वाटेल त्या दिशेला तोंड करतात. लोखंड निवू लागले की भागाभागांतील अणुचुंबक एकेका दिशेला वळतात. एखादी दिशा आणि तिची उलट दिशा यांत नियम काहीच फरक करीत नाही. तरी प्रत्यक्षात एकीचीच निवड होते. नियम समदर्शी, परिणाम एकांगी. यालाच सममितीचा भंग म्हणतात.

आपल्या देहातही असेच काहीसे घडते. आरंभी गर्भाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मग हृदय डावीकडे का झुकते? १९९८ साली जपानी संशोधकांनी उंदराच्या गर्भात दाखवले, की एका इवल्याशा खळगीतील केसांसारखे तंतू फिरतात आणि भोवतीचा द्रव डावीकडे वाहवतात. या क्षीण प्रवाहावरून बाजू ठरते. ज्या माणसांत हे तंतू जन्मतःच नीट हलत नाहीत, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांच्या शरीरात हृदय, यकृत, जठर, सारेच आरशातल्याप्रमाणे उलट असते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की निव्वळ ही अदलाबदल सहसा अपाय करीत नाही. गंभीर हृदयदोष बहुधा उद्भवतात ते काही अवयव सुलट आणि काही उलट, असा बेबनाव झाला म्हणजे. बाजू कोणती यापेक्षा अवयवांचा मेळ महत्त्वाचा.

कोणी म्हणेल, १९५७ साली चिएन-शिउंग वू यांच्या प्रयोगाने निसर्गच डावे-उजवे वेगळे मानतो असे सिद्ध केले ना? होय, अणुकेंद्रातील क्षीण बल तसा भेद करते. पण भेद असणे निराळे आणि श्रेष्ठत्व असणे निराळे. निसर्ग भेदाची नोंद करतो, गुण देत नाही.

समाजालाही मेळ लागतो. स्वीडनने १९६७ साली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, ती एकाच दिवशी, सर्वांसाठी. तेथे प्रत्येकाने आपापली बाजू निवडली असती तर अनर्थ ओढवला असता. पण जेथे मेळ बिघडतच नाही, तेथे बहुसंख्यांच्या सवयीला धर्म ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

लहानपणी आमच्या वर्गातील एका डावखुऱ्या मुलाने पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढले की त्या हातावर पट्टी बसे. त्याचे अक्षर वाचता येत होते. कोणाचेही काही अडत नव्हते. मी उजव्या हाताने लिहीत असे आणि ती शिक्षा मला रास्त वाटे. माझा उजवेपणा ही माझी कमाई नव्हती, हे तेव्हा उमगले नाही. आज उमगते, पण त्या मुलापाशी ते कबूल करण्याची वेळ केव्हाच टळून गेली आहे.